ह्यांच्या कादंबरीतला कॅनडा

शिरूर, मंगळवार, ७ जानेवारी

दौंडपलीकडे फारसं न गेलेल्या ह्यांनी आज कादंबरीचा शेवट वाचून दाखवला. ह्यांच्या कॅनडात शेजारीण विरजण मागायला येते!

"अहो, तिथं विरजण कोण मागतं?"

"अगं, बाहेर बर्फ दाखवलाय की!"

माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी असल्या निबंधाला शून्य दिलं असतं. पण संताप आला तो पुढचं ऐकून. म्हातारे आईवडील दार वाजवतात, मुलगा धावत येऊन मिठी मारतो. मिठी म्हणे! आमच्या विनयला कॅनडात जाऊन सहा वर्षं झाली. 'या' म्हणून एकदा तरी म्हणाला का?

"खोटं आहे. ती मिठी खोडा," मी म्हणाले.

"बरं. मग दार उघडून तो काय करतो? तू आई आहेस, सांग."

मी खूप कल्पना करून पाहिली. दार उघडलंच नाही.