तारीख लिहिलेली अंडी

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू फोन करून आईलाच चार शब्द ऐकवशील.

खुडूक कोंबडीखालच्या बारा अंड्यांवर मी पेन्सिलने बसवल्याची तारीख लिहिली होती. मागच्या वेळी तू आलास तेव्हा कोंबडी चरायला उठली होती, आणि टोपलीतली ती अंडी तारीख बघून तुला दुकानातून आणलेली वाटली. एक तव्यावर फोडलंस, आत पिसं दिसली, तशी बाकीचीही फेकलीस. वर मलाच म्हणालास, "सडकी अंडी ठेवतेस घरात?" कोंबडी अंड्यांवर बसवायला मला तूच शिकवलं होतंस, याच परसात.

कोंबडी चार दिवस रिकाम्या टोपलीत बसली, मग उठली. तू गाडीत बसताना "पुढच्या महिन्यात येतो" म्हणालास, त्याला सात महिने झाले. आई अजून दाराकडे तोंड करून बसते.

तुझी धाकटी