ओट्यावरचा खेमसिंग

वणी, ५ जानेवारी १९५९

सकाळी ओट्यावर माणूस झोपलेला. माझ्या ओट्यावर, परवानगीशिवाय. चुंगी नाक्यावर उभी हयात काढली, चौकशीशिवाय बैलगाडी सोडली नाही. चौकशी केली. नाव खेमसिंग, लमाण, वयस्कर. राजूरच्या खाणीवर कोळसा भरायला होता. ट्रकवरून पडून पाय मोडला, काम सुटलं, मग खोलीही. बहीण हंसाबाई तांड्यावर आहे. तिच्याकडे का जात नाही विचारलं, तर म्हणाला, रिकाम्या हातानं बहिणीच्या घरी कसा जाऊ साहेब?

माणुसकी म्हणून एक कप चहा दिला. संध्याकाळपर्यंत हाकलायचं. फायनल.

६ जानेवारी

चूक झाली. चहा देताना शेजारच्या इंदुताईंनी पाहिलं. त्यांनी महिला मंडळात सांगितलं की नाकेदारसाहेबांनी निराधाराला आसरा दिला. आज बाजारात तिघांनी नमस्कार केला. नोकरीत असताना एकानं केला नव्हता. आता लगेच हाकलता येत नाही. प्रेस्टिजचा प्रश्न आहे.

९ जानेवारी

डिसिप्लिन लावली. सहाला उठणे, ओटा झाडणे, विडी बंद. हा त्याआधीच उठतो, लंगडत ओटा झाडतो, सडा टाकून बसतो. विडी ओढतच नाही. नियमांना अर्थच राहिला नाही.

जुनी घोंगडी दिली. कायमची नाही, वापरापुरती.

१३ जानेवारी, पहाटे

खोकल्यानं हैराण. खेमसिंगनं तीन दगडांवर पाणी तापवून खिडकीतून दिलं. म्हणाला, मी जागाच हाय ना साहेब, झोपा तुमी. ओट्यावर चूल पेटवायची परवानगी मी दिलेली नाही. पाणी घेतलं, कारण तापवून झालंच होतं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. इंदुताईंनी तिळगूळ पाठवला, दोघांत एकच ताटली. म्हणजे शेजारीपाजारी आता आम्हाला एक कुटुंब धरतात. स्वतःच्याच घरात अडकलो आहे. बाहेर पडावं तर दारात तो, आत बसावं तर चार भिंती. मुलगा नागपूरहून आला तर काय सांगू? तीन वर्षांत आलेला नाही, पण येईल.

२० जानेवारी

संध्याकाळी तो त्याच्या आजोबांच्या गोष्टी सांगतो. मिठाच्या गोण्या लादलेले शेकडो बैल, पुढच्याच्या शिंगांना कवड्या. मी ऐकत नाही, माहिती असावी म्हणून बसतो. उद्या नक्की हाकलायचं.

उद्या तो पुरात अडकलेल्या बैलांचं पुढे काय झालं ते सांगणार आहे. परवा हाकलू.

२७ जानेवारी

दुपारी डुलकी लागली होती. ओट्यावर बाईचा आक्रोश ऐकून उठलो. खिडकीतून पाहिलं. आरशांची चोळी घातलेली लमाण बाई खेमसिंगच्या गळ्यात पडून, एकेक आठवण काढून सुरात रडत होती. त्याची मान तिच्या खांद्यावर पडलेली. समजायचं ते समजलो. बायको गेली तेव्हाही एवढा रडलो नव्हतो.

पण कर्तव्य आधी. मागच्या दारानं निघालो. तिरडीचे बांबू घेतले, मडकं सांगितलं, चौकात चार माणसं गोळा केली, दोन शब्द बोललो. तो माझ्या घरचाच माणूस होता, असं बोललो. मंडळी गहिवरली.

बांबू घेऊन आलो तर खेमसिंग चहा पीत होता.

इंदुताईंनी सगळ्यांदेखत समजावलं. ही बहीण, हंसाबाई. खूप दिवसांनी माहेरचं माणूस भेटलं की लमाण बायका अशाच गळ्यात पडून रडतात. ती त्यांची भेट. चौकातली मंडळी हसत परत गेली. खेमसिंगनं बांबू निरखले. म्हणाला, चांगले हायेत, वापस कायले करता? माह्या झोपडीले होतील.

२८ जानेवारी

सकाळी बहिणीच्या बैलबंडीत बसून गेला. बांबूही गेले.

इंदुताईंनी आज सांगितलं, हंसाबाईला निरोप त्यांनीच बाजारात आलेल्या तांड्याच्या बायकांकडून धाडला होता. खरं तर संक्रांतीलाच धाडणार होत्या, त्याची समजूतही काढली होती. बहिणीकडे भावानं हात भरून नाही, नुसतं यायचं असतं, असं त्याला म्हणाल्या. त्याला पटलं. पण म्हणाला, आताच नोका धाडू ताई. नाकेदार रातभर खोकलून राह्यले, घरात पानी द्यायले कोनी नाही. बरे होऊ द्या.

म्हणजे आसरा कोणी कोणाला दिला, याची रीतसर चौकशी व्हायला हवी. मला न विचारता माझी काळजी घेतली गेली.

१ फेब्रुवारी

ओटा मोकळा. सर्व ठरवल्याप्रमाणे झालं. खोकलाही गेला. दिवसभर कोणाशी बोललो नाही. करमत नाही.

उद्या तांड्यावर जाणार. बांबू मी आणलेले, ते झोपडीला नीट बसवलेत की नाही हे पाहणं माझी जबाबदारी आहे. पाहणीला तासभर पुरे. पिशवीत चार धोतरं आणि पांघरूण भरलं.