आपल्या गाडीला चार गिअरचाच

आप्पा,

माझ्या आईला वाघोलीहून आणायला गाडी घेऊन निघाले आहे. काल गॅरेजवाला जुना गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा बसवायला निघाला होता. तुम्ही त्याला अडवलंत, "अहो, आपल्या गाडीला चार गिअरचाच लागतो, याच्या बोल्टच्या जागाच जुळत नाहीत!" मग भर उन्हात माझ्याबरोबर जुना बाजार पालथा घातलात आणि नेमका जुळणारा शोधलात. आता गिअर अलगद पडतात.

श्याम घर सोडून गेल्यापासून आईला इथे आणू का, हे विचारायला मी कचरत होते. तुम्हीच म्हणालात, "सूनबाई, घर तुझंही आहे." त्याचेच आभार मानायला ही चिठ्ठी लिहिते आहे.

आमटी गरम करून घ्या. आणि तुमची खोली रिकामी करू नका, आई माझ्याजवळ झोपेल.

पद्मजा