चिखलाचे टायर आणि दहा जानेवारीचा शनिवार

२७ डिसेंबर
बाबांना शब्द दिला. दहा जानेवारीच्या शनिवारी तलावावर, आपल्याच खोलीत. त्यांनी स्वतः बांधलेली चाकांवरची खोली. ट्रकने ओढत गोठलेल्या तलावावर न्यायची, तळाचं झाकण उघडून बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून बसायचं. बाबा अठ्ठ्याऐंशीचे. पुढच्या हिवाळ्याबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत, बाबाही नाहीत. ट्रकचे टायर गुळगुळीत झालेत, तेवढे बदलायचे. त्यात काय एवढं!

२९ डिसेंबर
नॉर्बर्टच्या टायरच्या दुकानात. त्याने हिवाळी टायर पुढे केले. मऊ रबर, बारीक बारीक चिरा. असल्या लुसलुशीत टायरवर खोली ओढू? म्हणे, हे ओझ्यासाठीचेच आहेत, टायरच्या कडेला लिहिलंय बघ. बघितलं नाही. चष्मा घरी होता. मला चिखलात चालवायचे, चिखलाचे टायर पसंत पडले. काय दात आहेत! नॉर्बर्ट म्हणाला, थंडीत हे लाकडासारखे कडक होतात, बर्फावर घसरशील, आणि एप्रिलपर्यंत चिखल आणणार कुठून? चाळीस वर्षं ट्रक चालवतोय मी. तेच बसवून घेतले.

३० डिसेंबर
ट्रक झकास दिसतो. आर्डिसचं म्हणणं, टायर फार घरघरतात. बायकोला ताकदीचा आवाज कळत नाही.

२ जानेवारी, सकाळी ७
उणे वीस. घराच्या वळणावर ट्रक घसरून आडवा फिरला. दारातली टपालपेटी मोडली. नाहीतरी जुनीच होती.

त्याच दिवशी, दुपारी
आर्डिसचा भाऊ ड्युएन कॉफीला आला. ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि "हं" म्हणाला. आमच्याकडे ही शिवीच. मग म्हणाला, माझ्या शेडमध्ये चार हिवाळी टायर पडून आहेत, तुझ्याच मापाचे, घेऊन जा. म्हटलं, नको रे, कशाला. हवे होते, खोटं कशाला लिहू? पण मिनेसोटात जन्मलेला माणूस पहिल्यांदाच हो म्हणत नाही. दोनदा नको, तिसऱ्यांदा बरं. कॉफीलासुद्धा हाच नियम. ड्युएनला ठाऊक आहे.

४ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये जेवणाच्या रांगेत ड्युएनने पुन्हा विचारलं, आणून टाकू का टायर? म्हटलं, उगाच तुला त्रास. दोन झाले! आता तिसऱ्यांदा विचारेल.

७ जानेवारी
दिवसभर घरी थांबलो. आला नाही. शेवटी मीच फोन केला, वीस मिनिटं हवामानावर बोललो. मधे मधे थांबून त्याला टायरचं विचारायला जागाही दिली. तो कुत्र्याच्या कानाबद्दल बोलत राहिला. आर्डिस म्हणाली, सरळ माग की. मागू? मी?

९ जानेवारी
नकोत त्याचे टायर. ट्रकमध्ये वाळूची आठ पोती टाकली. आता हत्ती आला तरी ट्रक हलणार नाही. बाबा सकाळपासून गळ साफ करत बसलेत. शनिवार उद्याच ना, असं तीनदा विचारून झालं.

१० जानेवारी, सकाळी १०
टायर दोषी नाहीत. उतार दोषी आहे.
तलावाच्या उतारावर ब्रेक लावला, ट्रक थांबेचना. मागून खोलीने ढकललं. ट्रक आणि खोली, दोन्ही रस्त्याकडेच्या चरात. बाबांना खरचटलंही नाही. पण बर्फ शंभर पावलांवर, आणि आम्ही तिरके.
तेवढ्यात मागून ड्युएन, त्याची खोली घेऊन. काच खाली करून म्हणाला, "हॅल्वोर काका, माझ्याकडे जागा आहे. येता?"
बाबा म्हणाले, "हो."
पहिल्यांदाच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळूच म्हटलं, बाबा, निदान एकदा तरी नको म्हणा. ते पट्टा सोडत होते.
"ऑर्लिन, मला आता तेवढा वेळ नाही रे."
ड्युएनने त्यांना हात धरून नेलं. मग परत येऊन मला विचारलं, तू? म्हटलं, नको, मी ट्रकचं बघतो. आर्डिसला बोलाव, ती बघेल, चल, म्हणाला. म्हटलं, नको, तुम्ही व्हा पुढे. तो तिसऱ्यांदा तोंड उघडणार, एवढ्यात बाबांनी त्याच्या ट्रकमधून हॉर्न वाजवला.
गेले.

दुपारी १
ट्रक बाहेर काढायला ओढगाडी चारला येणार. इथून ड्युएनच्या खोलीचा धूर दिसतोय. मला जायचं होतं.