मागची काच ओढावी की नाही

आदरणीय भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (बसल्या जागी फक्त मान लवते आहे, पण नमस्कार पूर्ण धरावा.) तुमची कंबर कशी आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. "सगळं" हा शब्द जरा सैल पडतो आहे, पण तो पुढे आवळेन.

कचेरी बंद पडल्यावर या वयात मला दारात उभं करायला कोणी तयार नव्हतं. घराच्या बांधकामासाठी गावी जाताना तुम्ही लाकडाची वखार माझ्या हाती दिलीत आणि म्हणालात, "आम्ही परत येईपर्यंत सांभाळ, मग तुझ्या कामाचं ठरवू." त्या "मग ठरवू"वर मी रोज झोपतो आणि त्यानेच जागा होतो. म्हणून आज जे घडलं ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर तुम्ही "हं" म्हणता, आणि तुमच्या एका "हं"चे मला चार अर्थ लागतात.

छोट्या लोडरला पुढे तो लोखंडी भोवरा जोडायचा, तो फिरत फिरत ओंडक्यात शिरतो आणि ओंडका दुभंगतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. लहान ओंडके मी व्यवस्थित फोडले. (व्यवस्थित म्हणजे ते फुटले. तुकडे सारखे निघाले असा माझा दावा नाही.) मग कोपऱ्यातला तो भला थोरला गाठाळ ओंडका दिसला, ज्याला तुम्ही "म्हातारा" म्हणता आणि ज्याच्याकडे इतकी वर्षं काणाडोळा करत आला आहात. तो फोडून तुम्हाला चकित करावं, असं मनात आलं. प्रामाणिकपणे पाहिलं तर चकित करण्याचा भाग साधला आहे.

भोवरा म्हाताऱ्यात बुडापर्यंत शिरला, पण म्हातारा फुटला नाही. भोवरा उलटा फिरवला, तर त्याच्याबरोबर म्हाताराच गरगरायला लागला. मी घाबरून सगळं थांबवलं. मग वाटलं, वर उचलला तर आपल्याच वजनाने सुटून पडेल. उचलला. पडला नाही. काय झालंय ते उजेडात नीट दिसावं म्हणून तसाच उजेडाकडे वळलो, आणि इथे फसलो. केबिनचं एकुलतं दार पुढच्या बाजूला आहे, ते बाहेर उघडतं, आणि म्हातारा बरोबर दारासमोर लटकतो आहे. खाली टेकवावा, तर खाली तुमचा नवा वजनकाटा. मागे यावं, तर मागे ओंडक्यांची रास, जी सकाळी मीच हौसेने, कडा जुळवून रचली. हे यंत्र जागच्या जागी वळतं खरं, पण उजवीकडे काट्याची खोली आहे आणि डावीकडे तेवढ्यात येऊन थांबलेला ट्रक, तुमच्या बांधकामाचं लाकूड भरून तुमच्याकडे निघालेला. तेव्हा हे पत्र मी केबिनमध्येच बसून, यंत्राचं माहितीपुस्तक मांडीवर घेऊन लिहितो आहे. (इंजिन बंद आहे. ओंडक्याखाली कोणालाही फिरकू दिलेलं नाही.)

ही डबा घेऊन आली. तिने यंत्राभोवती एक फेरी मारली, म्हाताऱ्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमच्याच जातकुळीतला आहे. आत नुसत्या गाठी." मग डब्यातलं एकेक मागच्या काचेखालच्या फटीतून आत सरकवलं.

या मागच्या काचेबद्दलच तुम्हाला विचारायचं होतं. दोरी ओढली की ती निखळते आणि माणसाला बाहेर पडता येतं, असं पुस्तकात आहे. पण पुढे स्पष्ट लिहिलंय: फक्त आणीबाणीच्या प्रसंगी. आता ही आणीबाणी आहे का? हवा येते आहे, पोट भरलेलं आहे, आग कुठेच नाही. नुसत्या अवघडलेपणाला आणीबाणी म्हणणं मला अतिशयोक्तीचं वाटतं. पण तसं म्हणण्यामागे माझा भित्रेपणाही असू शकेल. काच तुमची, तेव्हा निर्णयही तुमचाच असावा. ही म्हणते, ओढा आणि मोकळे व्हा. ट्रकचा ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, माझा चुलता असाच विचार करत बसला, लग्नाचा राहून गेला."

पत्र याच ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. बिचारा त्यासाठीच खोळंबला आहे.

आपला,
आणीबाणीविषयी साशंक,
धाकटा मेहुणा

ता. क. हिने आत्ता एक गोष्ट लक्षात आणून दिली. ट्रक गेला की डावी बाजू मोकळी होईल, मग तिकडे वळून म्हाताऱ्याला मातीवर टेकवता येईल आणि दार उघडेल. ट्रक थांबला आहे तो या पत्रासाठी. म्हणजे इतका वेळ मला म्हाताऱ्याने नव्हे, या पत्राने कोंडून ठेवलं आहे. काचेचा प्रश्न रद्द समजावा.

ता. क. दुसरा. तरीही पत्र फाडत नाही, कारण विचारायचं होतं ते वेगळंच. तुम्ही आल्यावर मला कामावर ठेवणार आहात का? ड्रायव्हरजवळ "हो" किंवा "नाही" एवढंच सांगावं. "बघू" सांगू नये, तुम्ही येईपर्यंत मी त्याचा कीस पाडत बसेन.

ता. क. तिसरा. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. उत्तर "नाही" असेल, तर आधी भोवरा ओंडक्यातून सोडवायचा कसा ते सांगावं आणि मग "नाही" सांगावं. तो तसाच अडकलेला ठेवून मला काम सोडता येणार नाही.