पांढऱ्या पाखराला हाकलल्याबद्दल

प्रिय राजकुमारराव यांस,

बद्रीनाथचा नमस्कार. पेरणी झाली असेल, सासूबाईंचा गुडघा बरा असेल असं धरून चालतो. विचारत नाही, कारण सध्या करमाडच्या कुणाशीही गोड बोलायची माझी इच्छा नाही. आठ दिवस झाले, तुमची ताई माहेरी का येऊन बसली आहे हे तिनं अर्धवटच सांगितलं असेल. पूर्ण ऐका.

रविवारी आम्ही वेरूळला गेलो. लेण्यांमागच्या नाल्यात झाडाच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं, त्यात काळ्या डोक्याचं तांबूस पाखरू. (दुर्बीण माझी, दिसलं तुमच्या ताईला.) तेवढ्यात एक पांढराशुभ्र पक्षी फूटभर शेपटी लहरवत थेट घरट्याशी आला. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसानं काय समजावं? घुसखोर, अंडी खाणार. मी टाळ्या वाजवून हाकललं. तो परत आला, मी परत हाकललं. अर्धा तास, भर उन्हात. तुमची ताई डबा सोडत म्हणाली, "अहो, त्यो तिचा नवरा हाय. तिला खायला जाता यावं म्हणून बदलीवर आलाय. बसू द्या की त्याला."

मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. (यात रागवण्यासारखं काय आहे? हे मी पस्तीस वर्षं म्हणतो आहे.) घरी येऊन पक्षीमित्रांच्या ग्रुपवर ‘घरटं वाचवलं’ म्हणून टाकलं. पाच मिनिटांत माझीच जुनी विद्यार्थिनी प्रेरणा हिचं उत्तर आलं: सर, हा स्वर्गीय नर्तक, तांबूस ती मादी, पांढरा तो नर, दोघं आळीपाळीनं अंडी उबवतात. खाली एकोणीस हसरे चेहरे. संताप झाला. तुमच्या ताईला विचारलं, पुस्तक नाही, दुर्बीण नाही, तुला कळलं कसं? तर म्हणते, "ती उठली की त्यो लगेच बसाया बघत व्हता. तुम्हाला नाय वळखू यायचं. पोरांच्या गोवरात, तुमच्या आईच्या दुखण्यात, तुम्ही कवा बसलात?" आणि पिशवी भरली. पाखरावरून माणसाला असं बोलतात? तिला चार शब्द सुनवा.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. सुनवू नका. कणीक किती पाण्यात भिजवतात तेवढं विचारून ठेवा. माझ्यासाठी म्हणून सांगू नका.

आणखी ता. क. काल परत नाल्यात गेलो. पांढरा बसला होता. शेपटी घरट्यात मावत नव्हती, अवघडला होता, पण ती येईपर्यंत उठला नाही. मी घड्याळ लावून पाहिलं, पंचवीस मिनिटं. शनिवारी दुपारच्या बसनं येतो. सासूबाईंचा गुडघा मी शेकीन. ताईला एवढंच सांगा, बदलीवर माणूस येतोय.