सादोक मामाचं गॅरेज

सोमवार, २ ऑक्टोबर

आलो एकदाचे बिझर्तला! ट्यूनिसमधल्या त्या अंधाऱ्या दुकानाला, जिन्यावरच्या मांजरांच्या वासाला आणि कुरकुऱ्या घरमालकाला रामराम. इथे अंगणात लिंबाचं झाड आहे, गच्चीवरून बंदरातल्या बोटी दिसतात आणि शेजारच्या दलंदाबाईने आल्या आल्या गरम तबूना रोटी आणि हरीसाची, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीची, वाटी पाठवली. आई दमली होती, पण मी मात्र लहान पोरीसारखी घरभर फिरले.

सादोक मामा वसंतात वारला. त्याला मूलबाळ नाही, म्हणून घर बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडे आलं. बेया मामी तर मी शाळेत असतानाच कुणा खलाशाबरोबर फ्रान्सला, मार्सेयला पळून गेली. मला तिचे मेंदी लावलेले हात तेवढे आठवतात. आमच्या घरात तिचं नाव काढलं की आई थुंकल्यासारखं करायची.

मला घरापेक्षा गॅरेजचा आनंद जास्त. सोफे, खुर्च्या, गाद्यांना नवं कापड चढवणाऱ्या बाईला एवढी ऐसपैस जागा म्हणजे स्वर्गच. पण शटर वीतभर उचललं आणि अडकलं. आत छतापर्यंत भंगार! मी जमिनीवर आडवी पडून आत बघितलं आणि हसत सुटले. काय माणूस होता! लुत्फी रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला आहे. माझा भाऊ म्हणतो बरंच काही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

शटर उघडलं. दोन दिवस लागले आणि एक बोट ठेचलं.

आजपासून पद्धतशीर काम. ठेवायचं ते लिंबाखाली, विकायचं ते फाटकाशी, फेकायचं ते बाहेर. ऑलिव्ह तेलाचे डबे, त्यांत गंजलेले बोल्ट. जुन्या प्यूजो गाड्यांचे बंपर, रेडिएटर, बोटीची मोटर, पंख्याची पाती. भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि पहिला रेडिएटर घेऊन गेला. बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र डोक्यात जाते. कोणताही कारागीर जड सामान भिंतीला लावतो आणि मध्ये जागा मोकळी ठेवतो. मामाने उलटं केलंय. भिंतींशी हलकंसलकं आणि बरोबर मधोमध, जिथे गाडी उभी राहायची तिथे, इंजिनांचे ठोकळे, गिअरबॉक्स, ऐरण, असं सगळं एकावर एक रचलेलं. माणूस आयुष्यभर मेकॅनिक होता ना?

आई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. लांबूनच म्हणते, "कशाला एवढं उपसतेस? भिंतीकडचा एक कोपरा घे की, पुरे झाला तुला." मी म्हटलं, कोपऱ्यात काय बाहुल्यांचे सोफे शिवू? रुसून आत गेली.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल दिवसभर बॅटऱ्या आणि चाकांच्या रिंगा ओढून अंगणात रचल्या. हात सोलले. आज जेवून डोळा लागला आणि उठून बघते तर अर्ध्या बॅटऱ्या परत आत, त्याच ढिगावर! मी लुत्फीला फोन करून शिव्या दिल्या, तर तो ट्यूनिसमध्ये दुकानात बसलेला. मग भिंतीवरून दलंदाबाईला ओरडले. ती म्हणाली, माझ्याकडून कोण कशाला येईल? वर हसून म्हणते, "तुझ्या मामाचं सामान आहे बाई, त्याला आपली जागा बरोबर ठाऊक."

मग तिनेच सांगितलं की मामा दुपारची झोप कुणाला घेऊ द्यायचा नाही. ऐरणीवर हातोडा आपटत बसायचा. घडवत काहीच नव्हता, नुसता आवाज. गल्लीतले भांडून थकले. विचारलं की म्हणायचा, मला शांतता सोसत नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

लुत्फी आला नाही. अर्थातच.

दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळाने अंगणात पाय घासल्याचा आवाज आला. उठून खिडकीतून पाहिलं तर माझी आई! जिना चढताना अल्लाचा धावा करणारी, गुडघे धरून रडणारी माझी आई पोटाशी बॅटरी धरून, घागर न्यावी तशी, गॅरेजकडे चालली होती.

मी बाहेर धावले. तोंडाला येईल ते बोलले. तू मला वेडी ठरवायला निघालीस का, माझं पोट कशावर चालतं ते तुला ठाऊक नाही का, मेलेल्या भावाचं भंगार तुला जिवंत मुलीपेक्षा प्यारं आहे का? तिने बॅटरी खाली ठेवली नाही. ढिगावर नेऊन ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला. तुला ऐकू येत नाही."

काय ऐकू येत नाही? ती खोलीत जाऊन दार लावून बसली. जेवलीही नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज सांगितलं तिने. मी कपात कॉफी ओतत होते. ती कॉफी तशीच पडून आहे.

बेया मामी मार्सेयला गेलीच नाही. तिला माहेरी, बेजाला जायचं होतं, कायमचं. मामाने पाना घेऊन तिच्या डोक्यात मारला. ती पडली. गॅरेजच्या मधोमध गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा आहे, त्यात त्याने तिला टाकलं आणि बहिणीला बोलावून आणलं. दोघं मिळून खड्ड्यावर लाकडी फळ्या टाकत होते तेव्हा खालून हाक आली.

"शलबिया."

आईचं नाव. मामी जिवंत होती.

मी विचारलं, मग तू काय केलंस? आई माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, भाऊ होता तो माझा. म्हणाली, पहिला गिअरबॉक्स उचलताना त्याला एकट्याला जड जात होता.

म्हणजे हिने हात लावला! हिने! आणि वर इतकी वर्षं त्या बाईच्या नावाने थुंकत राहिली. खलाशाची गोष्टसुद्धा हिचीच. मामीचा बाप लाजेने घराबाहेर पडेनासा झाला, त्यातच गेला. तेव्हा ही त्याच्या घरी मसाल्याचा भात घेऊन सांत्वनाला गेली होती, मला आठवतंय.

आई सांगते की हाक थांबली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. मामा वर सामान चढवत गेला. आवाज बुजवायला हातोडा मारत राहिला. आता हातोडा नाही, आणि आम्ही आल्यापासून रोज दुपारी ती हिला हाक मारते.

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. हाकेच्या बाबतीत. बाकी सगळ्यावर ठेवला.

लुत्फीला फोन केला. पोलीस म्हटल्यावर तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, मेलेल्या माणसाला कोण धरणार? आणि आईला या वयात कोठडीत पाठवतेस? गप बस. मी फोन भिंतीवर फेकला.

मंगळवार, १० ऑक्टोबर

पहाट झाल्यापासून उपसत होते. राग असला की माणसाच्या अंगात बैल येतो. इंजिनं मामाच्याच साखळी-कप्पीने उचलली, खाली पाइप घालून बाहेर ढकलली. ऐरण ढकलली तेव्हा ओरडत होते मी. दलंदाबाई भिंतीवरून डोकावली आणि माझं तोंड बघून खाली गेली.

भर दुपारी उन्हात फळ्या काढल्या. मामीला बाहेर काढायचं, नीट पुरायचं, तिच्या नावावरचा डाग पुसायचा. लुत्फी काय म्हणतो ते खड्ड्यात जावो.

आत काहीच नाही.

हाडं नाहीत, कापडाची चिंधी नाही. खड्डा स्वच्छ, झाडल्यासारखा. भिंतीला जुनं काळं ग्रीस.

पण फळ्यांची खालची बाजू नखांनी ओरबाडलेली आहे. इकडून तिकडे, एकही जागा न सोडता. आणि ओरखड्यांतलं लाकूड पांढरंशुभ्र आहे, ओलसर. आत्ताच सुताराने रंधा मारल्यासारखं.

एवढी वर्षं झाली. ते काळं पडायला हवं होतं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

पोलिसांना काय दाखवू? रिकामा खड्डा?

सकाळी आई उंबरा ओलांडून आत गेली. या वेळी रिकाम्या हातांनी. काठावर उभी राहून खाली बघत होती आणि मान हलवत होती. मग म्हणाली, "हो गं, येते." अगदी साध्या आवाजात, शेजारणीने पाणवठ्यावर बोलावल्यावर म्हणावं तसं.

मी तिला दंडाला धरून ओढत घरात आणलं. आणि तेव्हा ऐकलं. मागून. माझ्याशी नव्हतं ते, आईशी होतं. तिचं नाव. आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हता. तरुण होता. आणि रागावलेला नव्हता, हे सगळ्यात वाईट.

शटर ओढलं. कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

आईशी अजून बोलले नाही. बोलायला गेले की तो पहिला गिअरबॉक्स आठवतो.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

आई नाही. घरात नाही, गच्चीत नाही, दलंदाबाईकडे नाही.

कुलूप जसंच्या तसं. उघडलं. शटर वीतभर उचललं आणि अडकलं.

मी आडवी पडून आत बघितलं. ढीग परत आहे. पूर्ण, छतापर्यंत. इंजिनं, ऐरण, सगळं. अंगण रिकामं. भंगारवाल्याने नेलेला रेडिएटरसुद्धा वर आहे.

आणि खालून आई मला हाक मारतेय. रौदा. रौदा. धाप लागते तशी, मध्ये थांबून.

दुपार

पहारीने शटर उचकटलं, आता उपसतेय. दलंदाबाईचा नवरा आला होता, त्याने हाक ऐकली आणि पळाला. हरामखोर. पोलिसांना फोन केला, माणूस पाठवतो म्हणाले. कुणी नाही आलं.

मी एक वस्तू बाहेर ठेवते, वळते, ती परत —

लुत्फीला सांगितलं. त्याने आधी विचारलं, अजून कुणाला सांगितलंस? मग म्हणाला, शटर ओढ, कुलूप लाव आणि इकडे निघून ये. लोकांना काहीतरी सांगू.

लोकांना काहीतरी सांगू! त्याच्या तोंडून, आईच्या पोटच्या पोराच्या तोंडून!

म्हणून लिहितेय. लुत्फी, तू लोकांना काही सांगायच्या आत हे लोकांच्या हाती पडू दे.

नंतर

मी ओरडून मामीशी बोलले. म्हटलं, बेया मामी, आईने केलं ते माफ करण्यासारखं नाही, मीही करणार नाही. पण तिला वर सोड. मी सगळ्या गल्लीला सांगेन, बेजाला जाऊन तुझ्या माणसांना सांगेन, तोंड दुखेपर्यंत सांगेन.

आता वस्तू परत जात नाहीत. बाहेर ठेवलं ते बाहेर राहतंय.

ऐकलं तिने. ऐकलं!

नंतर

ऐरण हलली. फळ्या दिसतायत.

आई खालून म्हणतेय, काढू नकोस. वर ठेव. अजून ठेव, रौदा, जड काहीतरी ठेव. बेया माझ्यासाठी नाही थांबलेली, म्हणतेय. मी तर खालीच आहे. तिला वर यायचंय —

नाही. या घरात हाक ऐकून वर लोखंड ठेवणारे दोघं होऊन गेले. मी तिसरी होणार नाही. आई मूर्ख आहे, खोटारडी आहे, माझी आहे. मी झाकणार नाही.

श्वास घ्यायला बसले आहे. हात ग्रीसने भरलेत, पेन निसटतंय. आईचा आवाज थांबलाय.

फळीच्या कडेवर मेंदी लावलेली बोटं आलीत. आईची असतील. आईचीच, तिलाही लावली होती मी ईदला मेंदी — पण तिची उतरली कधीच, आणि ही तर ओली —

आई, मी आले, थांब, मी धरते तुझा हा